फ्रेस्को (अणुकेंद्रीय अभिक्रियांचा संगणक-प्रोग्राम): ऑक्सिजन-१६ + शिसे-२०८, एक प्रोटॉनचं ट्रान्स्फर. उत्तर स्थिर का होत नाही?

रत्नागिरी_एमएस्सी
नमस्कार. नायट्रोजन-१५ + बिस्मथ-२०९ या चॅनेलचा (प्रोटॉन शिशाकडे गेल्यावर उरणाऱ्या जोडीचा) डीडब्ल्यूबीए (विकृत-तरंग बॉर्न अंदाज) हिशोब करतोय, सेंटर-ऑफ-मास ऊर्जा ८० एमईव्ही. एचसीएम (हिशोबाची अंतराची स्टेप) ०.१ चा ०.०५ फर्मी केला की क्रॉस-सेक्शन (अभिक्रिया घडण्याचं माप) बदलतो. पोस्ट आणि प्रायर (बाहेर पडणाऱ्या आणि आत येणाऱ्या चॅनेलची परस्परक्रिया धरून केलेले दोन हिशोब, जे सारखे यायला हवेत) जुळत नाहीत. शिवाय बिस्मथच्या ग्राउंड स्टेटचा (प्रोटॉनची पातळी १एच ९/२) क्रॉस-सेक्शन ०.९० एमईव्हीवरच्या २एफ ७/२ पेक्षा बराच कमी येतो. कुठे चुकतंय?

कुलाबा_बीमलाइन
आधी स्टेप. या ऊर्जेला तरंगसंख्या साधारण ७.५ प्रति फर्मी, म्हणजे तरंगलांबी जेमतेम ०.८३ फर्मी. ०.१ च्या स्टेपला एका लाटेत आठच बिंदू पडतात. तरंगसंख्या गुणिले स्टेप ०.२ च्या आत हवं, म्हणून ०.०२५ घ्या. जेटीमॅक्स (हिशोबातला सर्वांत मोठा एकूण कोनीय संवेग) १०० ठेवा. ग्रेझिंग एल (केंद्रकं एकमेकांना जेमतेम घासतात तो कोनीय संवेग) २४ च्या आसपास असला तरी शेपूट, म्हणजे त्यापुढच्या एलचा वाटा, लांब असते. एल १०० ला सर्वांत जवळचं अंतर सुमारे २० फर्मी होतं. आरमॅच (हिशोब जिथपर्यंत चालतो ते अंतर) ३० फर्मी पुरे.

आरएनएल (दोन चॅनेल जोडणाऱ्या नॉन-लोकल कर्नलची रुंदी) मात्र जपून. किती रुंदी हवी ते फ्रेस्को आउटपुटमध्ये स्वतः छापतो, ती ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. रुंदी कमी पडली की कर्नलची कड कापली जाते आणि आकडा गुपचूप चुकतो.

पोस्ट-प्रायर न जुळणं हे जवळजवळ नेहमी रेम्नंटमुळे (कोअर-कोअर, म्हणजे प्रोटॉन वगळून उरलेल्या दोन केंद्रकांमधल्या, आणि ऑप्टिकल पोटेन्शियलमधला फरक). पूर्ण कॉम्प्लेक्स रेम्नंट घ्या (आयपी२ = -१) आणि कोअर-कोअर पोटेन्शियल नीट द्या. न्यूट्रॉनला ही चूक बरीचशी झाकली जाते; प्रोटॉनला कूलोंबचा भाग उरतो, म्हणून ती उघडी पडते.

सावंतवाडी_थिअरी
ग्राउंड स्टेट कमी येते ते बरोबरच आहे, ते दुरुस्त करू नका! प्रोटॉन ऑक्सिजनच्या १पी १/२ मधून निघतो (अक्षर म्हणजे कक्षीय संवेग: पी १, एफ ३, एच ५, आय ६; अपूर्णांक म्हणजे एकूण संवेग जे). एफ ७/२ ला नैसर्गिक पॅरिटीचा एल (इथे ट्रान्स्फरमध्ये दिला जाणारा कोनीय संवेग) ४, म्हणजे १ + ३, पूर्ण ताणलेला. एच ९/२ ला १ + ५ = ६ शक्य असूनही जे-बंधनामुळे ४ वरच थांबावं लागतं. आय १३/२ ला ७ मिळतो, म्हणून तीही जोरात दिसते. कार्बन-१२ चा बीम घेतला तर प्रोटॉन पी ३/२ मधला, तिथे एच ९/२ वर येते.

क्यू-मूल्यही (अभिक्रियेत सुटणारी ऊर्जा, एमईव्हीमध्ये) तपासा. ग्राउंड स्टेटला -८.३३, आणि कूलोंब जुळणीचं क्यू (ज्याला ट्रान्स्फर सर्वांत सोपं जातं ते) ८० × (७×८३ ÷ ८×८२ - १) म्हणजे -९.१. फरक ०.८, म्हणजे एफ ७/२ च्या अगदी शेजारी.

एक गोष्ट विचारायची राहिली: २एफ ला एनएन (तरंगफलनातल्या नोड्सची, म्हणजे शून्य-बिंदूंची, संख्या) किती दिलंय? फ्रेस्को मूळबिंदूवरचा नोडही मोजतो, म्हणून २ हवं.

रत्नागिरी_एमएस्सी
१ दिलं होतं! आता दोन प्रोटॉनचं ट्रान्स्फर, पोलोनियम-२१०?

कुलाबा_बीमलाइन
दोन टप्प्यांत करा: पहिला प्रायर, दुसरा पोस्ट. तसं केलं की नॉन-ऑर्थोगोनॅलिटीचं पद (वेगवेगळ्या चॅनेलच्या अवस्था एकमेकांवर पडल्याने येणारं) आपोआप गळतं. क्यू -१३.५५, पण जुळणीचं -१८.५; तेव्हा ग्राउंड स्टेटच्या वर ५ एमईव्हीच्या आसपासच्या स्टेट्स घ्याव्या लागतील, आणि त्या पुष्कळ आहेत. प्रत्येक ऊर्जेची इनपुट फाइल वेगळी ठेवा. पावसात लाइट गेली तर एकच रन बुडेल.