टपावरचं कॅरिअर: आधी टप बघा, मग कॅरिअर (अनुभव धागा)

थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो, कुठलीही घ्या, चार महिन्यांत प्रश्न येतोच: वर कॅरिअर कोणतं टाकू? सोलापुरात याला दोन वाटा आहेत. तयार मागवायचं, नाहीतर एमआयडीसीत चौरस पाइपचं करून घ्यायचं. दोन्हींत चांगली कामं होतात, दोन्हींत फसगतही होते. धाग्यात 'मस्त दिसतंय' असले प्रतिसाद नकोत. गाडी कोणती, कॅरिअर कशाला धरलंय, वजन किती, काय सैल झालं, काय गंजलं, तेवढं लिहा.

सुरुवात हिशेबापासून. गाडीच्या पुस्तिकेत टपावर किती किलो चालतं ते असतं. हा आकडा चालत्या गाडीचा असतो आणि त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजनही येतं. समजा तो 75 किलो आहे. कच्च्या रस्त्यासाठी कॅरिअर बनवणारे साधारण दीडने भागायला सांगतात, म्हणजे उरले 50. लोखंडी कॅरिअर 30 किलोचं असेल तर सामानाला राहिले 20. वीस लिटर डिझेल साडेसोळा किलो, वर लोखंडी कॅन चारेक किलो. एक कॅन ठेवला की कोटा संपला. बहुतेक जण हे गणित कॅरिअर बसवून झाल्यावर करतात.

पन्हाळकर
बोलेरो आणि जिम्नीला टपाच्या दोन्ही कडांना पावसाच्या पाण्याची पन्हाळ असते, तिला चिमटा लावून कॅरिअर बसतं. टपाला भोक पाडायची गरज नाही. पण पन्हाळ म्हणजे दुमडलेला पातळ पत्रा. एका बाजूला दोनच पाय दिले तर सगळा भार चार ठिकाणी येतो आणि तिथे कड खाली वाकते. एका बाजूला तीन पाय हवेत, आणि प्रत्येक पायाची पट्टी निदान 60 मिमी लांब. पट्टीखाली 3 मिमी जाड ईपीडीएम रबर (उन्हापावसात टिकणारं) घाला. सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालतात लोक, ते पातळ असतात. धारेवर कापले जातात, मग लोखंड थेट रंगावर घासतं. पहिल्या पावसाळ्यानंतर चिमटे काढून बघा. खाली तांबूस रेघ दिसली तर तेवढा भाग घासून झिंक प्रायमर मारायचा आणि रबर नवीन घालायचं.

हार्डटप
तीन दारांच्या थारचं हार्ड टप फायबरचं आहे. त्याला बोल्ट मारून कॅरिअर लावू नका, कुणीही कितीही सांगो. मोकळं दिसायला ठीक, पण धक्क्याच्या रस्त्यावर बोल्टच्या भोकापासून केसासारख्या चिरा निघतात आणि तिथूनच पाणी आत येतं. या गाडीला उभ्या पायांचं कॅरिअर लागतं: पुढचे पाय काचेच्या चौकटीच्या बाजूला, मागचे खालच्या लोखंडी बॉडीला. कॅरिअर आणि टप यांच्यात 25 ते 40 मिमी मोकळी जागा ठेवा, म्हणजे भाराने कॅरिअर लवलं तरी टपाला टेकत नाही. पैसे द्यायच्या आधी चारही गोष्टी उघडून बघा: दोन्ही दारं, मागची काच, मागचं दार. पाय आडवा आला की मागची काच अर्धीच उघडते.

पाच दारांच्या थार रॉक्सचं टप पत्र्याचं आहे, तिथे प्रश्न वेगळा. सनरूफ असेल तर काच वर उचलली जाते तेव्हा आडव्या पट्टीला लागते का ते बघा. आणि टपाच्या कडेला भोक पाडायचा विचारही नको. आतल्या अस्तरामागे पडद्याची एअरबॅग असते, ड्रिल तिच्यात जाईल. जिम्नीतही तेच.

गेज सोळा
करून घेणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण गोंधळ इथेच जास्त होतो.

25 बाय 25 मिमीचा चौरस एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप, 16 गेज म्हणजे 1.6 मिमी जाडी, मीटरला साधारण 1.18 किलो भरतो. 1.4 बाय 1.2 मीटरचं कॅरिअर धरा. खालची चौकट 5.2 मीटर, वरची कड 5.2, पाच आडव्या पट्ट्या 6 मीटर, उभे तुकडे मिळून सव्वा मीटर. एकूण साडेसतरा मीटरच्या वर, म्हणजे 21 किलो. पाय, चिमटे, नट-बोल्ट धरून 28. तळाला जाळीचा पत्रा मारला की चाळिशी गाठते. म्हणून जाळी नको, पट्ट्या जवळजवळ घ्या. 'मजबूत पाहिजे' म्हणून 14 गेजचा, म्हणजे आणखी जाड पाइपचा, हट्ट धरणाऱ्यांनी वरचं 20 किलोचं गणित परत वाचा.

वेल्डिंग सीओटूचं करून घ्या. काडीच्या वेल्डिंगने 1.6 मिमी पाइपला भोक पडतं, मग वेल्डर भीतीने नुसते टाके मारून सोडतो आणि वरून ग्राइंडर फिरवून सपाट करतो. दिसायला गुळगुळीत, आत धरलेलं काहीच नाही. सांधा चारही बाजूंनी पूर्ण भरलेला हवा. पाय जिथे चौकटीला मिळतो तिथे 3 मिमी पत्र्याचा त्रिकोण लावून घ्या. कॅरिअर तुटतं ते मधून नाही, याच कोपऱ्यात, वेल्डच्या अगदी शेजारी. आधी रंगाला बारीक रेघ पडते, ती दिसली की सामान उतरवा.

पाइपची तोंडं बंद करा, पण प्रत्येक पाइपला खालच्या अंगाला 5 मिमीचं भोक ठेवा. पावडर कोटिंगची भट्टी 180 ते 200 अंशांची असते, बंद पाइपातली हवा तापून कुठल्यातरी सांध्यातून फुटून निघते आणि तिथला रंग फुगतो. पुढे पावसाचं पाणी बाहेर पडायलाही तेच भोक कामी येतं. भोकं आधी, कोटिंग नंतर. उलट केलं तर भोकाच्या कडेपासून गंज सुरू.

चाटी गल्ली
छोटीशी गोष्ट. कॅरिअर चढवताना टपावर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून अंथरा. दोघांनी धरलं तरी एक पाय टेकतोच. नवीन गाडीचे ओरखडे रस्त्यावर नाही, बसवतानाच पडतात ओ.

पान्हा-चौदा
नट-बोल्टबद्दल. स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट जोरात फिरवला, त्यातही मशीनने, की आटे एकमेकांना चिकटतात आणि जागीच जाम होतात. मग कापण्याशिवाय इलाज नाही. आट्यांना थोडं अँटीसीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावून हाताने फिरवा. एमएस पायांना 8.8 ग्रेडचा एम-8 बोल्ट कोरडा असेल तर 25 न्यूटन मीटर टॉर्कपर्यंत आवळला की पुरे, एम-6 ला 10. अॅल्युमिनियमच्या खाचेत सरकणारे नट याहून कमी ताणाचे असतात, तिथे कंपनीने दिलेला आकडाच पाळा. अॅल्युमिनियम आणि लोखंड थेट एकमेकांवर बसवू नका, मध्ये नायलॉनचा वायसर हवाच. नाहीतर ओलाव्यात सांध्याभोवती पांढरी पूड धरते, ते अॅल्युमिनियम खाल्लं जात असतं.

घट्ट केल्यावर बोल्टच्या टोकापासून नटवरून पट्टीपर्यंत रंगाच्या पेनाने एक सरळ रेघ ओढा. पहिले 50 किलोमीटर झाले की बघा. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. पान्हा न लावता, उभ्या उभ्या कळतं.

माळरान
उंचीचा मुद्दा कुणी काढला नाही. गाडी 1,700 किलोची, गुरुत्वमध्य 75 सेंटीमीटरवर धरा. टपावर, 1.95 मीटर उंचीला 75 किलो ठेवले की मध्य सुमारे 5 सेंटीमीटरने वर सरकतो. कागदावर उलटण्याचा कोन 45 अंशांवरून 43 वर येतो. दोनच अंश वाटतात, पण आडव्या उतारावर खालच्या बाजूची स्प्रिंग दबते आणि गाडी स्वतःच आणखी झुकते. म्हणून पाणी, टूलबॉक्स, जॅक खाली. वर तंबूची पिशवी, गाद्या, रिकामे कॅन.

पेट्रोल वर ठेवूच नका. डिझेल ठेवायचं तर 20 लिटरच्या कॅनमध्ये 19 च भरा. मे महिन्यात इथे पारा 44 च्या आसपास जातो, कॅन उन्हात त्याहून तापतो, आत फुगायला जागा लागते.

शेतरस्ता
बार्शी, मोहोळकडच्या शेतरस्त्यांवर दोन गोष्टी. एक, बाभळीची फांदी कॅरिअरच्या पुढच्या कडेत अडकते आणि सुटताना थेट काचेवर येते. पुढची कड उभी नको, तिरकी मागे कललेली घ्या. दोन, पंपाच्या खांबांवरच्या लोंबत्या तारा. वर लांब काठी, झेंडा, अँटेना काही ठेवू नका आणि तारेखाली वर चढून सामान बांधू नका. सामानासकट उंची मोजून आकडा डॅशबोर्डला चिकटवा. गुरखा मुळातच दोन मीटरच्या वर आहे, वर कॅरिअर आलं की सोसायटीच्या शेडचा पत्रा खरवडतोच.

उजनी
टपावरच्या तंबूला हे कॅरिअर चालेल का? बंद तंबू 55 किलोचा आहे, वर दोघं झोपणार.

गेज सोळा
@उजनी, दोन हिशेब वेगळे करा. चालताना 55 किलो अधिक कॅरिअर हे पुस्तिकेतल्या आकड्यात बसलं पाहिजे. 28 किलोचं कॅरिअर धरलं तर 83, म्हणजे 75 ची मर्यादा डांबरी रस्त्यावरच ओलांडली. उभ्या गाडीचा भार वेगळा: दोन माणसं 140, तंबू 55, कॅरिअर 28, मिळून 223. उभी गाडी जास्त पेलते, पण किती ते कॅरिअर आणि टप दोन्हींचं बघा, जे कमी ते खरं. आणि मागच्या दाराला शिडी टांगू नका. त्या दारावर आधीच स्टेपनी आहे, वर माणूस चढला की बिजागरी उतरते आणि दार उचलून लावावं लागतं.

आरटीओ रोड
वर एलईडी बार लावणाऱ्यांनो, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 111 वाचा. समोर स्पॉट लाइट, सर्च लाइट लावायला नोंदणी अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीची मूळ रचना बदलण्याबद्दल आहे, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे वाचलंय. बोल्ट काढून उतरवता येणारं कॅरिअर आणि टप कापून जोडलेलं, यांत फरक राखा. वायरिंग करायचंच असेल तर 120 वॉटचा बार 12 व्होल्टवर 10 अँपिअर खेचतो: रिले, 15 अँपिअरचा फ्यूज, 2.5 चौरस मिमीची वायर. शिवाय टपावरचा उजेड बोनेटवरून उलटा डोळ्यांत येतो, हे वेगळंच.

हायवे 65
पुणे रस्त्याला ऐंशीच्या पुढे शिट्टी वाजते ती पुढच्या आडव्या पाइपची. त्यावर दोरी गोल गोल, बोटभर अंतर सोडून गुंडाळून बघा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. फडफड येत असेल तर तो बांधायचा पट्टा असतो. बांधताना त्याला एक पीळ द्या, गप्प बसतो.