हलणाऱ्या खुर्च्यांच्या थेटरात लहान मुलगी आणि सासूबाई, झेपेल का?

पोरं कधीपासून मागे लागलीत की त्या फोरडीएक्सवाल्या थेटरात जायचं, खुर्ची हलते, वारा येतो, तोंडावर पाणी उडतं ते. मुलगी साडेचारची, मुलगा दहाचा आणि सासूबाईंना मणक्याचा त्रास, पण त्याही मी येणारच म्हणून हटून बसल्यात. काय करू?

मनीमाऊ: सासूबाईंना नका बसवू प्लीज. खुर्ची नुसती डुलत नाही हो, मारामारीच्या सीनला पाठीत मागून धपाधप बसतात. पाठदुखी, हृदयविकार, गरोदर बायका यांना तिथे मनाईच असते. आणि मुलीची उंची मोजून घ्या आधी, बऱ्याच ठिकाणी एक मीटरच्या खालच्या मुलांना आत सोडत नाहीत, दारातून परत यायला लागलं तर रडारड ठरलेली.

उडाणटप्पू: पाणी नको असेल तर हाताशी बटण असतं, ते बंद करायचं, फक्त तुमच्या खुर्चीचं बंद होतं. चष्मेवाल्यांनी तर आधी तेच करावं, काच पुसण्यातच अर्धा पिक्चर जातो 😀 पेय मात्र आत नेऊ नका.

चिऊताई: घरात कोणाला फिट येत असेल तर अजिबात नको, विजा चमकल्यासारखे लाइट मारतात. डी-बॉक्स मिळालं तर ते बघा ना, नुसती खुर्चीच हलते आणि जोर कमी करता येतो, मुलाला तेवढं पुरे. सासूबाई आणि धाकटीला शेजारच्या साध्या पडद्यावर, त्याच वेळेचा शो बघून.

प्रश्नकर्ती: उंची मोजली, ९७ सेंटीमीटर. आता नवऱ्याला सांगते, तू आणि मुलगा जा तिकडे.