अँटासिड आणि थायरॉइडची गोळी
'सावजी (नागपुरी झणझणीत जेवण) हाणलं की वरून दोन चमचे अँटासिड (जळजळीचं औषध), विषय संपला' असं एकाने लिहिलंय ते कधीमधी ठीकच, मीही तेच करतो. पण रोजच्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर जरा थांबा.

आमची आई सकाळी ६ ला उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची अन् लगेच मागून अँटासिडचं गुलाबी सिरप, कारण रात्रभर छातीत जळजळ. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) काही केल्या उतरेना. नागपुरात धंतोलीतल्या डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी विचारलं, "सोबत अजून काय घेता?" अँटासिडमधलं ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम ती गोळी नीट शोषूच देत नाही, दोन्हींत ४ तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन (एक अँटिबायोटिक) यांनाही अँटासिडपासून अंतर लागतंच. (बीपीवाल्यांनी फसफसणाऱ्या सोड्याच्या पुड्याही जपून, सोडियम बरंच असतं.) आता सिरपची बाटली गोळ्यांच्या डब्यातून काढून फ्रिजवर ठेवलीय.