लंडनचं घरभाडं वाचवायला नॅरोबोटीवर राहावं का?

काठावरचा: लंडनमध्ये पगाराचा मोठा घास घरभाडं गिळतं. कालव्यावर नॅरोबोट (राहता येईल अशी लांब, अरुंद बोट) घेऊन फिरतं राहिलं तर जागेचं भाडंच नाही. १९९५च्या कायद्याने एका जागी १४ दिवसांहून जास्त थांबायचं नाही, एवढं पाळायचं. कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या परवान्यात पाणी भरणं आणि संडासाची कॅसेट, म्हणजे काढता येणारी टाकी, रिकामी करणंही येतं. माझ्या मते हे स्वस्त पडतं.

पत्र्याची_जाडी: अहो, तुम्ही महिन्याचा हिशोब मांडलात. बोट पैसे मागते ते एकदम. तळ पोलादी. दर दोन-तीन वर्षांनी ती पाण्याबाहेर काढून तळाला डांबरी रंग द्यायचा, म्हणजे ब्लॅकिंग. पत्रा किती झिजलाय ते तेव्हा कळतं. जाडी ४ मिमीखाली गेली की विमावाले हरकत घेतात आणि वरून नवा पत्रा वेल्ड करण्यात वाचवलेलं भाडं जातं. शिवाय बोटीवरच्या विजेच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या निम्म्याखाली उतरू दिल्या की लवकर मरतात. डिसेंबरात सोलर जवळजवळ बंद, म्हणून बॅटऱ्या चार्ज करायला जागच्या जागी इंजिन चालवा, डिझेल जाळा. दर ४ वर्षांनी सुरक्षा तपासणी वेगळी. आणि तुम्ही म्हणता त्या फिरत्या बोटींच्याच परवान्यावर २०२४पासून अधिभार लागलाय, तो २०२८पर्यंत २५ टक्क्यांवर जायचाय.

काठावरचा: तो अधिभार मला अन्यायच वाटतो. ज्यांना मूरिंग (बोट बांधायची कायमची जागा) परवडत नाही त्यांच्याकडूनच जास्त घ्यायचं? तरीही सगळं धरून खोलीच्या भाड्यापेक्षा कमीच होईल.

दोन_मुलांची_आई: एकट्याचं होईल. मुलं असतील तर दर दोन आठवड्यांनी शाळेचा रस्ता बदलतो. एकाच पट्ट्यात मागेपुढे केलेलं ट्रस्टला चालत नाही. बँकेला पत्ता हवा, डॉक्टरलाही.

काठावरचा: ताई, डॉक्टरचं तसं नाही. इंग्लंडमध्ये जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. बँकेचं मान्य.

दोन_मुलांची_आई: नियम ठीक आहे हो, पण स्वागतकक्षातल्या बाईला तो दर वेळी कोण समजावणार? या वणवणीत जाणारा वेळ कुणाच्याच हिशोबात नाही.

पत्र्याची_जाडी: घेणारच असाल तर पाण्याबाहेर काढून सर्व्हे केल्याशिवाय पैसे देऊ नका. सर्व्हेयर तुम्हीच नेमा, विकणाऱ्याचा नको. जाडीचे आकडे आले की इथे टाका, बघू.