मदत हवी आहे: नावाची पट्टी नसलेला साडेचार फुटी जुना लेथ, ओळख आणि बसवणी

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत तळमजल्यावर माझा छोटा गाळा आहे. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची दुरुस्ती करतो. पंप उघडला की निम्म्या वेळा शाफ्टवर स्लीव्ह (झिजलेल्या जागी बसवायची नळी) चढवायची असते, नाहीतर नवा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) करायचा असतो. त्यासाठी रबाळे एमआयडीसीत टर्नरकडे जावं लागतं. त्यांच्याकडे कारखान्यांची मोठी कामं असतात, माझे दोन बुश तिसऱ्या दिवशी हातात येतात, आणि तोवर इकडे सात मजली बिल्डिंग टँकरवर. लोक फोन करकरून विचारतात तेव्हा फार वाईट वाटतं. म्हणून स्वतःचा लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, घ्यायचं दोन वर्षं मनात होतं.

मागच्या आठवड्यात वागळे इस्टेटमधला एक गाळा रिकामा होत होता, तिथे हा लेथ मिळाला. पैसे देऊन झाले आहेत, मशीन अजून तिथेच आहे. पावसाआधी आणायचंय, कारण एकदा जोर धरला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं आणि टेम्पोवाले नाही म्हणतात.

मी आयटीआय फिटर आहे. लेथवर हात बसेल इतकं काम कधी केलेलं नाही, त्यामुळे जाणकारांनी सविस्तर सांगितलं तर फार मदत होईल.

हेडस्टॉकवर (मशीनचं डोकं, ज्यात स्पिंडल फिरतो) नावाची पट्टी होती त्या जागी फक्त रिव्हेटची दोन भोकं आहेत. बेड (खालचा लांब पाया) साडेचार फूट, बेडपासून सेंटरची उंची ८ इंच. तीन पायऱ्यांची कोन पुली, चपटा पट्टा, बॅक गिअर (वेग कमी करणारे गिअर) आहे आणि त्याचे दाते शाबूत आहेत. स्पिंडलच्या (मुख्य फिरत्या दांड्याच्या) तोंडाला आटे आहेत, चक (काम पकडणारा जबडा) त्यावरच फिरवून बसतो. बेअरिंग गनमेटलच्या बुशांचं, वर तेलाच्या दोन कुप्या. स्पिंडलच्या भोकात दोन फुटी पाइप घालून वर उचलून पाहिलं, डायल गेज ०.०४ मिमी हलला. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ हलकं फिरतं आणि टेलस्टॉककडे (बेडच्या दुसऱ्या टोकाचा आधार) नेलं की जड होतं. हेडस्टॉकच्या मागच्या बाजूची पुट्टी पत्र्याच्या तुकड्याने खरवडली, तर खाली बिडात ओतलेली तीन इंग्रजी अक्षरं निघाली: बी, ए, टी. पुढचा भाग कोणीतरी ग्राइंडरने उडवलाय. कंपनी कळली तर सुटे भाग शोधता येतील म्हणून हे सगळं लिहितोय.

आता खरी अडचण. पैसे देण्याआधी तिथेच दोन तुकडे घेऊन पाहिले. ३२ मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) बार २९.०० पर्यंत साफ केला, क्रॉस स्लाइडचा (टूल आडवा आत नेणारा भाग) डायल शून्यावर आणला आणि एकाच दिशेने फिरवत पाच कटमध्ये ४० रेघा आत घेतल्या. डायलवर १०० रेघा आहेत, एका फेऱ्यात टूल साधारण ५ मिमी जातो, म्हणजे एक रेघ ०.०५. हिशेबाने व्यास बरोबर २५.०० यायला हवा. मायक्रोमीटरने मोजला तर २४.९४. वाटलं माझाच हात चुकला. दुसरा तुकडा तसाच घेतला, २४.९३. हा घोळ झिजेचा आहे का? पंपाच्या स्लीव्हला सहा शतांश म्हणजे फिटिंग गेलंच.

शिवाय चकबाहेर १०० मिमी काढलेल्या तुकड्याचं मोकळं टोक चकजवळच्या भागापेक्षा ०.०५ जाड आलं. मशीन तिथे फरशीवर नुसतं उभं होतं, बोल्ट नाहीत, एका पायाखाली लाकडाची चिप. हेडस्टॉक सरकवावा लागेल का?

चेंज गिअर (आट्यांचं माप बदलायला लावायचे सुटे गिअर) सगळे मिळाले नाहीत. माझ्याआधी कोणीतरी काही भंगारात घातले. उरलेत ३०, ४०, ५०, ६०, ८० आणि १०० दात्यांचे. मला मुख्यतः १.५ आणि २ मिमीचे आटे पाडायचे असतात.

आणि वीज. माझ्या गाळ्यात सिंगल फेज आहे. मोटर २ एचपी, ४१५ व्होल्ट, १४४० आरपीएम. व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा ड्राइव्ह) चालेल असं सांगतात, पण जोडायचा कसा?

प्रतिसाद

मी ३४ वर्षं टर्नर होतो, ठाण्यातच. तुम्ही विकत घेण्याआधी तुकडे घेऊन मोजलेत हे बघून बरं वाटलं, बहुतेक लोक रंग बघून पैसे देतात.

आधी २४.९४ चं. ती झीज नाही. झिजलेला स्क्रू असा दोन्ही वेळा सारखाच आकडा देणार नाही, आणि टूल दबला असता तर तुकडा जाड आला असता, बारीक नाही. तुमचा क्रॉस स्लाइडचा स्क्रू इंची आहे. इंचाला पाच आटे, म्हणजे एका फेऱ्याला ५ मिमी नाही, ५.०८. एक रेघ दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ४० रेघांत टूल २.०३ आत गेला आणि व्यासात ४.०६ उतरले. २९ मधून वजा करा. मशीन बरोबर बोलतंय. डायल गेज लावून पूर्ण एक फेरा मोजा, ५.०८ दिसेल. एक रेघ म्हणजे व्यासात चार थाऊ, ०.१ मिमीपेक्षा किंचित जास्त, हे डोक्यात ठेवा आणि शेवटचा कट नेहमी मायक्रोमीटर लावून ठरवा.

लीड स्क्रूही (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) इंचीच असणार. दहा आट्यांची लांबी कॅलिपरने घ्या. ६० आली तर ६ मिमी पिच, ६३.५ आली तर इंचाला चार. बी-ए-टी बहुधा बटाला असावं. पंजाबात गुरुदासपूर जिल्ह्यात आहे, तिथल्या फाउंड्र्यांतून असे लेथ देशभर गेलेत. पण त्या नावाच्या मागे धावू नका. एचएमटी किंवा हरिहरच्या किर्लोस्करचं मशीन असतं तर नावावरून पार्ट शोधण्यात अर्थ होता. छोट्या कारखान्यांच्या लेथचे भाग एकमेकांना लागतीलच असं नाही. स्पिंडलच्या आट्यांचा व्यास आणि पिच, गिअरचा मोड्यूल किंवा डीपी (दात्यांचं मिमी किंवा इंची माप), टेलस्टॉकचा टेपर, एवढं वहीत लिहून ठेवा. पुढे काहीही करून घ्यायचं झालं तर हीच मापं लागतात.

०.०५ च्या टेपरसाठी हेडस्टॉकला अजिबात हात लावू नका! चार पायांपैकी एक चिपेवर उभा असलेल्या लेथचा बेड पीळ खातो. आधी तो काढा. तुमच्या गाळ्यात लादी असेल तर पायांखालची लादी फोडून खालचं काँक्रीट उघडं करा, कारण लादीखाली भर असते आणि ती दबते. पायात लेव्हलिंग बोल्ट घ्या. ०.०२ मिमी प्रति मीटरची लेव्हल कोणाकडून तरी दोन दिवस मागून आणा, सुताराची चालणार नाही. ती बेडवर आडवी ठेवायची, एकदा हेडस्टॉकजवळ, एकदा टेलस्टॉकच्या टोकाला. बुडबुडा मधोमध आलाच पाहिजे असं नाही, दोन्ही ठिकाणी तो एकाच जागी दिसला पाहिजे. आठवडाभर मशीन तसंच बसू द्या आणि पुन्हा बघा. मग चकमध्ये जाड बार धरा, टेलस्टॉक लावू नका, मधला भाग खाली उतरवून दोन्ही टोकांना कॉलर ठेवा आणि दोन्ही कॉलरवरून एकच हलका कट घ्या. दोन्ही व्यास सारखे येईपर्यंत टेलस्टॉककडचे बोल्ट थोडे थोडे फिरवत राहा. याला अख्खी दुपार जाते. जाऊ द्या.

चकजवळचं हलकं सॅडल म्हणजे तिथे बेड झिजलाय, काम कायम तिथेच होत असतं. गिब (सॅडलचा ढिलेपणा काढायची पट्टी) तिथे घट्ट केलीत तर टेलस्टॉककडे अडकेल. तुमच्या छोट्या बुशांना त्याने फार फरक पडणार नाही. स्पिंडलचे ०.०४ गनमेटलच्या बुशाला चालतात, कुप्या मात्र रोज भरा.

गिअरचं. इंची स्क्रूवर मिमीचे आटे अचूक पाडायला १२७ दात्यांचा गिअर लागतो, तो नसला तरी ६३ चा एक करून घ्या. १.५ मिमीसाठी ६३ चालवणारा आणि १०० चालणारा, त्याच्या जोडीला ३० आणि ८०. २ मिमीसाठी ३० च्या जागी ४०. शंभर मिमीत चूक सव्वा शतांशाची, पंपाच्या नटाला ती कळणारही नाही. लीड स्क्रू इंचाला चार असेल आणि स्पिंडलपासून पहिल्या गिअरपर्यंत एकास एक असेल, तरच हा हिशेब. मिमीचे आटे पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) मधे उघडायचा नाही, टूल मागे घेऊन मशीन उलटं फिरवत परत यायचं.

प्रतिसाद

दादा, मोटरचं झाकण उघडून आधी सहा टर्मिनल आहेत का बघा. एका ओळीतली तीन टर्मिनल आडव्या पट्ट्यांनी जोडलेली असतील तर मोटर स्टार जोडणीत आहे. सिंगल फेजचा व्हीएफडी २३० व्होल्टचं थ्री फेज देतो, त्यामुळे मोटर डेल्टा जोडणीत घ्यावी लागेल, पट्ट्या उभ्या. पण पाटीवर किंवा झाकणाच्या आत ४१५ ला स्टार असं स्पष्ट असेल तरच. नुसत्या तीन वायरी बाहेर आल्या असतील तर वाइंडिंगवाल्याकडून बाकीच्या तीन काढून घ्या. लेथवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडी आणि मोटरच्या मधे ठेवू नका, चालू लोडवर तो उघडला की ड्राइव्ह जातो. अर्थिंग पक्कं हवं.

एक महत्त्वाचं. तुमचा चक आट्यांवर आहे. व्हीएफडीत थांबण्याची वेळ कमी ठेवलीत तर स्पिंडल झटक्यात थांबेल आणि चक आपल्या वजनाने उलगडून अंगावर येईल. थांबायला सात-आठ सेकंद द्या. उलटं फिरवताना वेग अगदी कमी, चालू करणं सावकाश, आणि कट कधीच नाही.

धागाकर्ता

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी वागळेला जाऊन सगळं मोजलं. क्रॉस स्लाइडचा एक फेरा ५.०८. लीड स्क्रूचे दहा आटे ६३.५. तिथेच उभं राहून दोन्ही तुकड्यांचा हिशेब परत केला आणि इतका आनंद झाला की सांगता येत नाही, चार रात्री मला वाटत होतं की झिजलेलं मशीन गळ्यात पडलं.

४० दात्यांच्या गिअरचा बाहेरचा व्यास ७६.२ आला, म्हणजे ४२ भागिले ३ इंच, १४ डीपी. स्पिंडलवरून खालच्या गिअरला एकास एक आहे, खडूची खूण करून फिरवून पाहिलं. मोटरला सहा टर्मिनल आहेत, पट्ट्या आडव्या, झाकणाच्या आत स्टारचं चित्र आहे.

शनिवारी उचलतोय. उचलायचा पट्टा बेडखालून घेणार, लीड स्क्रूला लागू देणार नाही, सॅडल टेलस्टॉककडे सरकवून वजन तोलणार, आणि पायांना दोन लाकडी ओंडके बोल्टने बांधणार, कारण डोकं जड आहे. बेडला आत्ताच तेल चोपडून ठेवलंय.

आता एकच राहिलं: ठाणे, रबाळे किंवा महापे भागात १४ डीपीचा ६३ दात्यांचा एकच गिअर कापून देणारं कोणी आहे का? नमुना म्हणून ४० चा गिअर सोबत आणतो, म्हणजे दात्याचा कोन त्यांना जुळवून बघता येईल.