लेगोच्या रेल्वे संचातून घरच्या घरी मुंबई लोकल कशी उभारावी?

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे)

नमस्कार. माझ्या मुलीकडे लेगोचा प्रवासी गाडीचा संच आहे. त्यातल्या युरोपीय धाटणीच्या गाडीऐवजी आपली लोकल रुळांवर धावावी, अशी तिची मनापासून इच्छा आहे. आम्ही पांढऱ्या ठोकळ्यांचे डबे बांधून खिडक्यांखाली जांभळा पट्टाही दिला, तरी ती लोकल न वाटता ट्राम वाटते. जुन्या संचातले काही पांढरे ठोकळे पिवळट पडले आहेत. ते रंगवावेत का? डब्यांत दिवे लावायचे असतील तर सुरक्षित मार्ग कोणता? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (नेरूळ)

ट्रामचा भास रंगामुळे नव्हे, रुंदीमुळे होतो. लेगोच्या रुळांमधले अंतर सुमारे 37.5 मिलिमीटर असते आणि आपली ब्रॉडगेज 1,676 मिलिमीटरची, म्हणजे प्रमाण साधारण 1:45 पडते. लोकलचा डबा 3.66 मीटर रुंद असतो. या हिशेबाने तो 81 मिलिमीटर, म्हणजे दहा खुंट्या (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) रुंद हवा, कारण खुंटी ते खुंटी अंतर 8 मिलिमीटर असते. तुमचा डबा बहुधा सहा खुंट्यांचा असावा. लांबीचा हिशेब मात्र पाळता येणार नाही: वीस मीटरचा डबा 44 सेंटिमीटरचा होईल आणि लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्याच 32 सेंटिमीटर आहे. माझ्या मते तडजोड म्हणून रुंदी आठ खुंट्या ठेवावी आणि लांबी निःसंकोच तीस खुंट्यांच्या आसपास आणावी. फलाटावर उभे राहिल्यावर लोकलचा ऐसपैसपणा आणि तिची उघडी दारे नजरेत भरतात. डब्याची लांबी कोणी मोजत नाही.

दारांवर सर्वाधिक मेहनत घ्या. संचातली बिजागरीची दारे काढून टाका, चार खुंट्यांची जागा मोकळी सोडा आणि मधोमध उभा दांडा लावा. लेगोची बारीक नळी 3.2 मिलिमीटर जाडीची असून ती चिमट्याच्या तुकड्यात घट्ट बसते, आणि लेगोच्या माणसाच्या मुठीतही. दांडा धरून दारात उभा असलेला एक प्रवासी दिसला की गाडीची ओळख पटते.

उत्तर (वर्तकनगर, ठाणे)

ठोकळे कृपया रंगवू नका. त्यांची पकड अत्यंत बारीक मापावर अवलंबून असते. रंगाचा थर चढला की ते घट्ट होतात, आणि दोन-चार वेळा जोडून काढल्यावर खुंट्यांवरचे पोपडे निघू लागतात. पिवळेपणा घालवण्यासाठी काही जण ठोकळे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवतात. हे काम हातमोजे घालून मोठ्यांनीच करावे आणि भांडे झाकणाने घट्ट बंद करू नये, कारण आत वायू तयार होतो. पिवळेपणा कालांतराने परतू शकतो, म्हणून असे ठोकळे डब्याच्या आतल्या बाजूला किंवा तळाशी वापरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. साधे धुणे असेल तर पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको. अ‍ॅसिटोन, म्हणजे नखांचा रंग काढण्याचे नेहमीचे द्रव, जवळही आणू नका; लेगोचे एबीएस प्लॅस्टिक त्यात विरघळते.

जांभळा पट्टा शक्यतो ठोकळ्यांचाच ठेवा. पातळ प्लेटची उंची 3.2 मिलिमीटर असल्याने पाच प्लेट एकावर एक ठेवल्या की बरोबर दोन खुंट्यांची रुंदी, 16 मिलिमीटर, भरते. त्यामुळे बाजूला खुंटी असलेले तुकडे वापरून पट्टा आडवा बसवला तरी फट राहत नाही. स्टिकर लावायचाच असेल तर तो प्रत्येक सांध्यावर धारदार पात्याने कापा. दोन ठोकळ्यांवर पसरलेला स्टिकर डबा पुन्हा सुटा करू देत नाही.

उत्तर (ऐरोली)

दिव्यांबद्दल लिहितो. घरात लहान मूल असेल तर बटण सेल वापरूच नका. तो गिळला गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते. स्क्रूने बंद होणारी, दोन पेन्सिल सेलची पेटी घेऊन डब्याच्या तळाशी बसवा. पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात, त्यामुळे तो या पेटीवर पुरेसा उजळतो. मोबाइलच्या चार्जरचे 5 व्होल्ट द्यायचे असतील तर प्रत्येक एलईडीला 220 ओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडणे आवश्यक आहे. तार लाखेच्या लेपाची, केसासारखी बारीक घ्या. ती दोन ठोकळ्यांच्या मधून गेली तरी सांधा उचलला जात नाही. टोकांवरचा लेप खरवडल्याशिवाय मात्र वीज जाणार नाही. हे सारे सामान लॅमिंग्टन रोडवर सहज मिळते.

प्रश्नकर्ते (घोडबंदर रोड, ठाणे)

मनःपूर्वक आभार. आठ खुंट्यांचा डबा बांधायला घेतो. वळणावर तो फलाटाला घासणार नाही ना?

उत्तर (नेरूळ)

चाकांचे सांगाडे डब्याच्या अगदी टोकांना लावले तर मधला भाग वळणाच्या आतल्या बाजूला झुकतो. फार आत घेतले तर टोके बाहेर फेकली जातात. प्रत्येक टोकापासून सहा-सात खुंट्या आत बसवून पाहा, आणि फलाट सरळ रुळालगतच ठेवा. पक्का बांधण्यापूर्वी डबा हाताने पूर्ण फेरी फिरवा. जिथे घासेल तिथून फलाट एक खुंटी मागे घ्या.