मदत हवी आहे : गंगापूर धरणात गेलेल्या जमिनीचा जुना निवाडा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आजोबांची जमीन नाशिकजवळच्या गंगापूर धरणात गेली. मोबदला किती मिळाला ते घरात कुणी धड सांगत नाही, आणि पर्यायी जमीन मिळालीच नाही. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, धरण त्याआधीचं, म्हणजे आमच्या वेळी हक्क मागायला कायदाच नव्हता. भाऊबंद पांगले, कुणी सातपूरला कारखान्यात, कुणी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत रोजावर. देव तेवढा सगळ्यांनी मिळून वर आणला. मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या विहिरीचा कठडा उघडा पडतो, तेव्हा चुलत्या तिथे नारळ फोडून येतात. (त्याच पाण्याकाठी लोक सूर्यास्ताचे फोटो काढतात, काढोत बापडे.)

आता पुतणीला सरकारी भरतीतल्या ५ टक्के समांतर आरक्षणासाठी प्रकल्पग्रस्त दाखला हवाय. कार्यालयात भूसंपादनाचा निवाडा (कुणाची किती जमीन घेतली, मोबदला किती, हे ठरवणारा आदेश) मागतात. आमच्याकडे फक्त जीर्ण सातबारा आहे, त्यावर आजोबांचं नाव, पण आडनावाच्या जागी 'पाटील' लिहिलंय. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवणं चालू आहे.

निवाड्याची नक्कल अभिलेख कक्षात मिळेल की भूसंपादन शाखेत? गट नंबर नाही, जुना सर्व्हे नंबर आहे, तेवढ्यावर शोध लागतो का? नावातल्या फरकाला प्रतिज्ञापत्र चालतं का? दारणा, वैतरणा, मुकणे या धरणांच्या भागातल्या कुणी असा दाखला काढला असेल तर कृपया सविस्तर सांगा. एजंटचे नंबर नकोत.